वाचकांचे प्रश्न : ओळखीच्या रकान्यात काय लिहायचं?

या महिन्यातली बरीच पत्रं वंश, समाज आणि मातृभाषा याच विषयांभोवती फिरणारी आहेत. त्यातली सहा इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, नवरा आयरिश मुळाचा अमेरिकन. मुलगी आता शाळेत जाईल. प्रवेश-अर्जात वंशाचा प्रश्न आहे. एकाच चौकोनावर खूण करायची की दोन्हींवर? त्यात ‘अमेरिकन इंडियन’ असंही आहे, ते आपल्यासाठी का? सासरचे म्हणतात, रकाना रिकामाच सोड. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : दोन्हींवर खूण करा, आणि रकाना रिकामा मात्र सोडू नका. पालकांनी उत्तर दिलं नाही, तर सरकारी शाळेतल्या कर्मचाऱ्याने मुलाकडे बघून नोंद करायची, असं तिथल्या शिक्षण खात्याचं धोरण आहे. म्हणजे तुमच्या मुलीचा वंश कुणी परकं माणूस तिच्या रंगावरून ठरवणार. त्यापेक्षा आईवडिलांनी लिहिलेलं केव्हाही चांगलं.

बहुतेक अर्जांवर अजून दोन भागांचा प्रश्न असतो. पहिल्या भागात ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहे का?’ असं विचारतात. तुमचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्या भागात ‘एशियन’ आणि ‘व्हाइट’ दोन्हींवर खूण करा. पोटरकाना असेल तर ‘एशियन इंडियन’. एकाहून अधिक खुणांची मुभा तिथल्या जनगणनेत २००० पासून आहे. दोन खुणा केल्यावर शाळेच्या अहवालात मुलगी ‘दोन किंवा अधिक वंश’ या एकाच गटात मोजली जाते, तेव्हा पुढे कुठे ‘एशियन’ दिसलं नाही म्हणून नोंद चुकली असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने नवी पद्धत जाहीर केली. तीत हे दोन भाग एकत्र करून सात गट ठेवले आहेत आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा गट नव्याने घातला आहे. हा बदल टप्प्याटप्प्याने होणार असल्यामुळे काही वर्षं दोन्ही प्रकारचे अर्ज हाती पडतील.

‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे त्या भूमीतले मूळ रहिवासी. भारतातून गेलेली मंडळी, विशेषतः घाईत अर्ज भरणारे विद्यार्थी, इथे खूण करतात आणि मग कुठल्या जमातीचे सदस्य आहात याची विचारणा येते. चूक लक्षात आली तर शाळेच्या कचेरीत लेखी दुरुस्ती मागा.

हे चौकोन सरकारने आपल्या मोजणीच्या सोयीसाठी आखलेले आहेत आणि ते वेळोवेळी बदलत आले आहेत, हे मुलीला थोडी मोठी झाल्यावर जरूर सांगा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत ‘हिंदू’ हा चक्क वंश होता, आणि पंजाबातला शीख किंवा मुसलमानही त्यातच धरला जाई. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० पासून ‘एशियन इंडियन’ आहे. माणसं तीच होती, पन्नास वर्षांत रकाने मात्र तीन झाले.

आणि मराठी? ती वंशाच्या प्रश्नात शोधू नका. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, त्यात घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता हे विचारतात. तिथे ‘इंडियन’ असं मोघम न लिहिता ‘मराठी’ लिहा. आजही त्यांच्या मुख्य तक्त्यात ‘नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक भाषा’ अशी एकत्र ओळ असते. आपल्या लोकांनी नेमकी नोंद केली नाही, तर ती ओळ कधी सुटी होणार नाही. लंडनच्या वाचकांसाठी : इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत राष्ट्रीय ओळख, वांशिक गट आणि मुख्य भाषा हे तीन स्वतंत्र प्रश्न होते. त्यामुळे ‘ब्रिटिश’, ‘इंडियन’ आणि ‘मराठी’ ही तिन्ही उत्तरं एकाच माणसाने देण्यात काहीही विसंगती नाही.

प्रश्न : आम्ही मडगावचे, आडनाव पोर्तुगीज. मुलाने अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जात ‘हिस्पॅनिक’ लिहावं, असं एका एजंटाने सुचवलं आहे. (मडगाव)

उत्तर : लिहू नये. हिस्पॅनिकच्या व्याख्येत मेक्सिकन, प्युएर्तो रिकन, क्युबन, दक्षिण व मध्य अमेरिकी किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीचे लोक येतात. पोर्तुगीज आडनावाने कुणी त्यात बसत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी कोकणी कुटुंबाला मिळालेल्या आडनावाने तर नाहीच. मुलगा ‘एशियन’ आहे आणि भाषेच्या रकान्यात ‘कोकणी’ लिहावी. खोटी माहिती उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. असा सल्ला देणारा एजंट बदला.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीकडचे चित्पावन, घरात घारे डोळे. मुलाने मला लाळेची डीएनए चाचणी भेट दिली. निकाल : ९३ टक्के दक्षिण आशिया, ६ टक्के इराण–मध्य आशिया, १ टक्का फिनलंड. आपले पूर्वज समुद्रमार्गे बाहेरून आले हे आता सिद्ध झालं का? सख्ख्या बहिणीच्या निकालात मात्र इराण २ टक्के आणि फिनलंड नाहीच. शिवाय संकेतस्थळाने शेकडो ‘चुलत भावंडं’ दाखवली आहेत. (पुणे)

उत्तर : नाही, काहीच सिद्ध झालेलं नाही. चाचणी नेमकं काय करते ते आधी पाहू.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. या घरगुती चाचण्या त्यातली साधारण सहा-सात लाख ठिकाणं वाचतात, म्हणजे जिथे माणसामाणसांत फरक असतो अशी निवडक ठिकाणं. मग तुमच्या गुणसूत्रांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कंपनीजवळच्या नमुन्यांशी ताडून बघतात. हे नमुने आजच्या जिवंत माणसांचे असतात. ‘६ टक्के इराण’ याचा अर्थ इतकाच, की तुमचे ६ टक्के तुकडे कंपनीकडच्या इतर कुठल्याही गटापेक्षा आजच्या इराणी नमुन्यांशी अधिक जुळले. त्या संचात कोकणातले नमुने मूठभर असतील, तर तुकडा ‘जवळच्या दुसऱ्या’ गटात जाऊन पडतो, कारण बेरीज १०० करायचीच असते. संचात नवे नमुने आले की कंपनी गणित पुन्हा करते. मग पुढच्या वर्षी तुमची टक्केवारी बदलेल, तुम्ही पुन्हा थुंकला नाहीत तरी. एक-दोन टक्क्यांचा आकडा तर सरळ सोडून द्यावा. फिनलंडचा तुमचा टक्का हा असाच गोंगाट आहे, आणि बहिणीकडे तो नाही ही त्याची खूणच म्हणायची.

बहिणीचा निकाल वेगळा येण्यात चूक नाही. आईकडून निम्मं, वडिलांकडून निम्मं येतं हे खरं, पण दोन भावंडांना येणारं निम्मं वेगवेगळं असतं. आजीआजोबांकडून सरासरी २५ टक्के येतं, प्रत्यक्षात कुणाकडून १८ तर कुणाकडून ३२ असू शकतं. दहा पिढ्या मागे गेलात तर वंशवृक्षावर १०२४ जागा आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो. ते तुमचे पूर्वज आहेत, पण चाचणीला दिसणार नाहीत. पित्याकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचं जे कौतुक चालतं, ते त्या १०२४ पैकी एका माणसाबद्दल सांगतं. ‘आर-वन-ए’ हा गट आला म्हणजे आपण अमुक वर्णाचे, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तोच गट आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही सापडला आहे.

आता इराणचा मुद्दा. भारतातल्या जवळपास प्रत्येक समाजात प्राचीन इराणी शेतकऱ्यांशी दूरचं नातं सांगणारा अंश आहे. हरियाणातल्या राखीगढी इथे सापडलेल्या, सिंधू संस्कृतीच्या काळातल्या सांगाड्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इराणात शेती सुरू होण्याआधीच इराणातला आणि भारतातला असे हे दोन प्रवाह वेगळे झाले होते, असं त्यातून दिसलं. त्याआधी २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवलं होतं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातल्या समाजांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली, आणि नंतर जातीतल्या जातीत लग्नांमुळे ती थांबली. आपण सगळेच त्या सरमिसळीतून आलो आहोत, ब्राह्मणही आणि दलितही. प्रमाण कमीजास्त आहे, इतकंच. घारे डोळे मुख्यतः गुणसूत्र १५ वरच्या दोन शेजारी जनुकांच्या बदलाने ठरतात. पूर्ण जनुकसंचाच्या तुलनेत ही बाब कणभर आहे, तिच्यावरून घराण्याचा देश ठरत नाही. परशुरामाने चौदा प्रेतं जिवंत करून चित्पावन घडवले, ही सह्याद्रिखंडातली कथा कथा म्हणूनच वाचावी. प्रयोगशाळेकडून तिला पावती मागू नये, आणि त्या पावतीवर कुणाला ‘बाहेरचा’ किंवा ‘आतला’ तर मुळीच ठरवू नये.

शेकडो चुलत भावंडांचं कारणही लग्नपद्धतीत आहे. पिढ्यानपिढ्या एकाच समाजात लग्नं झाली, की दोन माणसं दहा वेगवेगळ्या वाटांनी थोडी थोडी नात्यात येतात. संगणक त्या सगळ्यांची बेरीज करतो आणि सातव्या पिढीतल्या नातेवाइकाला ‘तिसरा चुलत भाऊ’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे एकूण बेरीज बघू नका, सर्वांत लांब सलग तुकडा बघा. हे माप सेंटिमॉर्गनमध्ये दिलेलं असतं. ७ च्या खालचे तुकडे दुर्लक्षावे. एखादा तुकडा २० च्या वर असेल तर पत्र लिहिण्याइतपत नातं असण्याची शक्यता आहे.

कुणी अजून चाचणी करायची असेल तर घरातल्या सर्वांत जुन्या पिढीची आधी करावी, कारण त्यांच्यात पूर्वजांचे तुकडे दुप्पट असतात. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू बंद. वृद्धांना पुरेशी लाळ येत नाही, त्यांनी गाल बाहेरच्या बाजूने बोटांनी हळू चोळावेत. नळीवरच्या खुणेपर्यंत लाळ हवी, फेस धरायचा नाही. नमुना बाद होतो तो बहुतेक इथेच.

आणि गुप्तता. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमचा नमुना दिला म्हणजे बहिणीची अर्धी माहितीही दिली, म्हणून घरात विचारून करा. निकालाची कच्ची फाइल उतरवून घ्या. मग संशोधनाची संमती मागे घेणं, साठवलेली लाळ नष्ट करायला सांगणं आणि खातं पुसणं ही तिन्ही कामं बहुतेक ठिकाणी वेगवेगळी करावी लागतात. नुसतं खातं बंद केलं म्हणजे लाळ नष्ट झाली असं नाही.

घराण्याबद्दल खरं काही हवं असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहा. आडनाव, मूळ गाव आणि कुलदैवत सांगितलं की ते चोपडी काढतात. पणजोबांनी कोणत्या साली कोणाच्या अस्थी आणल्या, सोबत कोण होतं, हे त्यांच्या सहीनिशी मिळू शकतं. फिनलंडच्या एका टक्क्यापेक्षा त्या सहीत कितीतरी जास्त आहे.

प्रश्न : माझ्या आईची आई अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली. तिने हिंदू माणसाशी लग्न केलं, धर्म बदलला नाही. आई आणि मी हिंदू घरात वाढलो. मी स्वतःला काय म्हणायचं? (ठाणे)

उत्तर : विचारणारा कोण, यावर उत्तर अवलंबून आहे. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं. आजी, आई आणि तुम्ही ही साखळी अखंड असल्यामुळे त्या शास्त्राप्रमाणे तुम्ही ज्यू ठरता. इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा १९७० मध्ये बदलला, तेव्हापासून ज्यू व्यक्तीची मुलं आणि नातवंडंही त्यात येतात. मात्र स्वतःहून दुसरा धर्म स्वीकारलेल्या ज्यू व्यक्तीला त्यातून वगळलं आहे. तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू’ असेल तर तो प्रश्न निघेल, म्हणून अर्जाचा विचार असेल तर आधी वकिलाचं लेखी मत घ्या. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण फक्त आजीच्या नात्यावर तो मागता येईल असं धरून चालू नका.

कागद आत्ताच जमवा, कारण ते जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. आजीच्या आईवडिलांचा केतुबा, म्हणजे विवाहाचा करार, कुणाच्या कपाटात आहे का विचारा. अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये विवाहाच्या नोंदींची चौकशी करा. कबरस्तानातल्या शिळांवर हिब्रू आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असतो, त्याचे स्वच्छ फोटो घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं नीट उठतात. आजीचं माहेरचं आडनाव गावावरून असेल, रोहेकर, पेणकर, किहीमकर यांसारखं, तर त्या गावापासून सुरुवात करा. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. जुन्या कागदात ‘तेली’ एवढीच नोंद सापडली तरी ती टाकून देऊ नका.

कागदांवर इतका भर का, तेही सांगायला हवं. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासायचा आदेश काढला. कोकणात शतकानुशतकं शब्बाथ पाळलेल्या लोकांना ज्यूपण सिद्ध करायला सांगितलं गेलं. त्यांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानावं असं ठरवलं. ज्यांनी हे सोसलं त्यांची मुलं-नातवंडं आज तिथे मराठी बोलतात आणि मलिदा करतात.

मलिदा तुम्हीही करू शकता, त्याला कुणाचा दाखला लागत नाही. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हन्नावीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं स्मरण. आजीच्या पिढीतलं कुणी असेल तर त्यांच्याकडून प्रार्थना ध्वनिमुद्रित करून घ्या. ‘मी मराठी हिंदू आणि बेने इस्रायल आजीची नात’ हे वाक्य पूर्ण आहे. त्यातला एक भाग खोडावा लागेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

प्रश्न : आम्ही मॉरिशसचे मराठी. घरी क्रिओल, देवळात मराठी. पूर्वजांचं गाव शोधायचं आहे, पण आडनाव महाराष्ट्रात कुठेच सापडत नाही. (व्हाक्वा, मॉरिशस)

उत्तर : सापडणार नाही, कारण ते बहुधा आडनाव नाहीच. करारबद्ध मजुरांच्या नोंदीत पहिल्या पुरुषाचं नाव आणि बापाचं नाव लिहीत. तेच पुढे फ्रेंच-इंग्रजी कानाने ऐकलेल्या वर्णांत कुटुंबाचं आडनाव झालं. आडनाव सोडा आणि त्या माणसाचा मजूर-क्रमांक शोधा.

स्वतःच्या जन्मदाखल्यापासून मागे जा : वडिलांचा जन्म, आजोबांचा विवाह, पणजोबांचा मृत्यू. जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा क्रमांक असतो. तो घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जा, तिथे मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यात जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, जात, आणि जिल्हा-परगणा-गाव असा मूळ पत्ता मिळतो. क्रमांक नसेल तर जहाज आणि साल यांवरून शोध घेता येतो, पण वेळ फार लागतो.

गाव मिळाल्यावर होणारी हमखास गफलत जिल्ह्याची. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मोठा होता, १९८१ मध्ये त्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. नोंदीतला ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. सावंतवाडी तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं. गावाचं नाव मोठ्याने दोन-तीन तऱ्हांनी उच्चारून कोकणातल्या माणसाला ऐकवा, लिहून दाखवलं तर तोही चकेल. एकाच नावाची गावं तीन तालुक्यांत असतात, तेव्हा कुलदैवताचं नाव आठवत असेल तर ते सोबत ठेवा.

तुमच्याकडच्या जनगणनेत समाजाची विचारणा १९७२ नंतर बंद झाली, पण पूर्वजांची भाषा विचारतात. तिथे ‘मराठी’ लिहा आणि घरच्या भाषेत खुशाल ‘क्रिओल’ लिहा, दोन्ही खरं आहे. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याचं जाहीर केलं, त्यासाठीही हीच कागदांची साखळी कामी येईल. शोध पुरा होईपर्यंत थांबू नका, प्रत्येक दाखल्याची प्रमाणित प्रत घेत चला.

प्रश्न : आम्ही तंजावूर मराठी. घरची मराठी पुण्याच्या लोकांना कळत नाही, लिहितो तमिळ. येत्या जनगणनेत मातृभाषा काय सांगायची? (चेन्नई)

उत्तर : मराठी. आजवरच्या जनगणनांतली व्याख्या अशी आहे : लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. लिपी, राज्य, शाळा यांचा तिथे संबंध नाही, आणि पुण्याच्या माणसाला कळण्याची अटही नाही. एकोजीराजांपासून साडेतीनशे वर्षं टिकलेली ही बोली आहे. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींच्या काळचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. तुमची मराठी कुणाहून कमी नाही.

‘तंजावूर मराठी’ असं सांगितलं तरी चालेल. कच्च्या नोंदी पुढे भाषांच्या गटांत बसवतात. ज्या मातृभाषेचे १०,००० बोलणारे भरत नाहीत ती स्वतंत्र दाखवत नाहीत, ती ज्या भाषेच्या गटात बसवली त्या गटाच्या ‘इतर’मध्ये जाते. आकडा मराठीत निःसंशय धरला जावा असं वाटत असेल तर नुसतं ‘मराठी’ सांगा. याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात, तिथे तमिळ आणि इंग्रजी येतील.

लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. नोंद मोबाइलवर होणार आहे आणि आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय आहे. प्रगणक बहुधा तमिळमध्येच बोलेल, तुम्हीही तमिळमध्येच उत्तर द्याल, आणि तो न विचारता ‘तमिळ’ निवडून पुढे जाईल. म्हणून मातृभाषेचा रकाना पडद्यावर दाखवायला सांगा. घरातल्या प्रत्येक माणसाची नोंद स्वतंत्र असते, तेव्हा आजीची, तुमची आणि नातवंडांची अशी प्रत्येक ओळ वाचून घ्या. सून तमिळ असेल तर तिची मातृभाषा तमिळच लिहा. नातवंडांशी ती तमिळ बोलत असेल, तर व्याख्येप्रमाणे त्यांचीही तमिळ. तिथे मराठी हवी असेल तर मुलांशी आजपासून मराठीत बोलायला लागा.